कुत्र्याचे गोचीड आणि पिसवा मुळापासून घालवायचे असतील तर आधी घराकडं बघा

गोचीड काढून काढून थकलो पण परत येतातच, हे वाक्य आमच्याकडं कराड, सातारा, विटा, सांगली कुठंही कुत्रं पाळणाऱ्या घरात गेलं की ऐकायला मिळतंच. औषध लावलं, पावडर टाकली, अंघोळ घातली, आठ दिवस बरं वाटलं आणि परत कानात चार दिसले. मग लोक म्हणतात औषधच डुप्लिकेट होतं. बहुतेक वेळा औषध चांगलंच असतंय, गडबड दुसरीकडंच असते. कुत्र्याच्या अंगावर जे दिसतंय ते एकूणातलं थोडंसं असतं, बाकीचे सगळे घरात, अंगणात, भिंतीच्या फटीत आणि कुत्रं झोपतं त्या पोत्यात असतात. तिकडं हात घातला नाही तर कुत्र्यावर कितीही खर्च करा, नवीन गोचीड चढतच राहणार. म्हणून हा लेख सगळा त्याच हिशोबानं लिहिलाय, कुत्रं आणि घर दोन्ही एकदम, आणि निदान तीन महिने न थांबता. तीन महिनेच का ते पुढं येतंय.

आधी काय आहे ते ओळखा

गोचीड आणि पिसवा दोन्ही रक्तच पितात पण दोघांचं वागणं वेगळं आहे आणि उपायही थोडे वेगळे आहेत, त्यामुळं आधी नक्की काय झालंय ते बघा.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, चालत येतो आणि चिकटून बसतो. मोठ्याला आठ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बारक्याला सहा. उपाशी असताना चपटा तपकिरी असतो, पोट भरलेली मादी राखाडी होऊन एरंडाच्या बीएवढी फुगते. आपल्याकडं कुत्र्यांवर सगळ्यात जास्त सापडणारा जो तपकिरी गोचीड आहे त्याचं शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. गाई-म्हशींच्या अंगावर जो मुख्य असतो तो ह्याचा भाऊबंद, ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. हा फरक मुद्दाम सांगतोय कारण आपल्या गावाकडं कुत्र्याला गोचीड झाले की सगळा दोष गोठ्यावर जातो. गोठ्यातला एखादा चढतो कुत्र्यावर, नाही असं नाही, पण कुत्र्यावरचे बहुतेक गोचीड हे कुत्र्याचेच असतात आणि ते फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर पण आरामात वाढतात. सांगलीत विश्रामबागला गोठा कुठनं येणार, तरी तिथल्या कुत्र्यांना होतातच की.

आता मुख्य गोष्ट. गाईचा गोचीड बारक्यापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो आणि अंडी घालायलाच काय तो खाली पडतो. कुत्र्याचा तसा नाही. तो आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढतो आणि तीन वेळा खाली उतरतो. बारकं पिल्लू चढतं, काही दिवस रक्त पितं, खाली पडतं, फटीत जाऊन कात टाकतं. मग मधल्या अवस्थेतलं परत चढतं, पितं, पडतं, कात टाकतं. मग मोठा होऊन चढतो. शेवटी मादी पोट भरून उतरते आणि भिंतीच्या कोपऱ्यात, फरशीच्या सांध्यात जाऊन एका दमात हजारो अंडी घालते आणि मरते. उबदार हवेत हे सगळं चक्र दोन-अडीच महिन्यांत पूर्ण होतं. आणि मोठा गोचीड काही न खाता कित्येक महिने, कधीकधी वर्षभरसुद्धा, फटीत दबा धरून राहू शकतो. तीन महिन्यांचं गणित इथनं आलंय. अंगावरचे आज मारले तरी फटीतले रांगेत उभेच असतात.

पिसवांचं बघायचं तर पिसू बाजूनं चपटी, सहा पायांची, केसातनं सुळकन पळणारी आणि लांब उडी मारणारी. दिसणं अवघड, त्यामुळं तिची विष्ठा शोधायची. कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाजवळ केस विंचरा, काळे बारीक कण पडले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर ठेवा. कणांभोवती तांबूस लाल डाग पसरला म्हणजे ते पचलेलं रक्त, पिसवा नक्की आहेत. नुसती माती असेल तर माती राहते. मादी पिसू दिवसाला चाळीसेक अंडी घालते आणि ती अंडी केसाला चिकटत नाहीत, कुत्रं जिथं बसेल, अंग झटकेल तिथं सांडतात. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून पिसू. ही अळी उजेडाला घाबरते, गादीच्या खाली, कॉटखाली, चटईच्या विणीत, अंगणातल्या सावलीच्या मातीत जाते. कोषाचं तर काय सांगायचं, त्याच्यावर बहुतेक औषधं चालतच नाहीत, आत पिसू महिनोन्‌महिने गप्प बसते आणि जवळनं कोणी चाललं, जमिनीला हादरा बसला, उष्णता आणि श्वास जाणवला की बाहेर येते. बंद घर दोन महिन्यांनी उघडलं आणि पायावर पिसवा चढल्या, असं होतं ते ह्याच्यामुळंच.

रोजचा हात फिरवणं

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त कंटाळा केलं जाणारं काम आहे. दिवसातनं एकदा, शक्यतो फिरवून आणल्यावर, कुत्र्याच्या सगळ्या अंगावरून हात फिरवायचा, केसाच्या उलट्या दिशेनं. वरवर पाठीवर हात मारून काही कळत नाही, गोचीड लपायच्या जागा ठरलेल्या आहेत. कानाच्या आत आणि पाळीच्या घडीत, पट्ट्याखाली मानेला, पुढच्या पायांच्या काखेत, जांघेत, शेपटीच्या खाली, पापणीच्या कडेला आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात. बोटांच्या बेचक्या तर शंभरातले नव्वद लोक बघतच नाहीत आणि तिथंच पाच-सहा एका जागी बसलेले असतात. पट्टा काढून बघा, पट्ट्याच्या शिवणीत पण बारके असतात.

कारवानी नाहीतर आपलं गावठी कुत्रं असेल तर केस आखूड, पटकन सापडतात. जत, आटपाडी, माण-खटाव भागात कारवानी पाळणारे पुष्कळ आहेत, त्यांना हे सोपं जातं. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन असल्या दाट केसांच्या कुत्र्यांना मात्र बारीक दातांच्या फणीनं विंचरावंच लागतं. दाट केस असले तर उन्हाळ्यात केस थोडे बारीक करून घ्या, पण एकदम चमडीपर्यंत भादरू नका, ऊन लागतं.

अजिंक्यतारा, यवतेश्वर, दंडोबाचा डोंगर, नाहीतर घरामागचा उसाचा बांध, कुठंही गवतातनं फिरून आलात की त्या दिवशी तपासणी चुकवायची नाही.

चिकटलेला गोचीड काढायचा कसा

बारीक टोकाचा चिमटा घ्या, मेडिकलमध्ये गोचीड काढायचा हुकपण मिळतो कधीकधी, तो असेल तर उत्तमच. हातात ग्लोव्हज नाहीतर प्लास्टिकची पिशवी. केस बाजूला करा, गोचिडाला पोटाला न पकडता अगदी चमडीला टेकून तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर, हळू पण एकसारखा ओढा. झटका देऊ नका, पिरगाळू नका. हुक वापरत असाल तर तो फिरवूनच काढायचा असतो, त्याच्या पाकिटावर चित्र असतं. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर सुई घालून टोकरत बसू नका, बहुतेक वेळा तो आपोआप बाहेर पडतो, जागा लाल होऊन सुजायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. काढल्यावर त्या जागेला पोव्हिडोन आयोडीन लावा आणि हात साबणानं धुवा.

काढलेला गोचीड चिरडायचा नाही. नखानं चिरडायची लय जुनी सवय आहे आपल्याकडं, पण त्याच्या पोटातलं रक्त आपल्या नखातल्या जखमेला लागलं तर आजाराचा धोका आपल्यालाच असतो. आणि खिडकीतनं बाहेर फेकायचा तर मुळीच नाही, पोट भरलेली मादी बाहेर टाकली म्हणजे आपणच अंगणात अंडी घालायला सोडली. झाकणाच्या बाटलीत स्पिरिट नाहीतर साबणाचं घट्ट पाणी ठेवा, त्यात टाकत जा.

रॉकेल ओतणं, उदबत्तीनं चटका देणं, व्हॅसलीन थापणं, मीठ चोळणं ह्यातलं काही करू नका. चटका दिला की गोचीड सुटतो हे खरं वाटतं पण त्रास झालेला गोचीड पोटातलं उलटं कुत्र्याच्या रक्तात सोडायची भीती असते, आणि कुत्र्याची चमडी भाजते ती वेगळीच.

पंधरा-वीस पेक्षा जास्त असतील तर मात्र एकेक उपटत बसू नका. कुत्र्याला ते दुखतं, ते चिडतं, आणि औषधानं ते काम चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जास्त चांगलं होतं.

कुत्र्यावरचं औषध

ह्यात आता बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कुठलं तुमच्या कुत्र्याला ते वजन, वय, आधीचे आजार बघून डॉक्टरच सांगतील, पण दुकानात उभं राहिल्यावर आपल्याला निदान नावं तरी कळली पाहिजेत.

तोंडानं द्यायची चावायची गोळी हा सध्या माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग. ह्या एकाच गटातल्या आहेत, घटकाचं नाव पाकिटावर वाचा. अफॉक्सोलानर म्हणजे नेक्सगार्ड, ती महिन्याला एक. सॅरोलानर म्हणजे सिंपॅरिका, ती साधारण पाच आठवडे. फ्लुरालानर म्हणजे ब्रॅव्हेक्टो, एका गोळीत बारा आठवडे, आणि ती जेवणासोबतच द्यायची, रिकाम्या पोटी नाही. ह्यांचा मोठा फायदा असा की अंघोळ, पाऊस, नदीत पोहणं कशानंही औषध धुवून जात नाही. आपल्याकडं जावळी, पाटण, महाबळेश्वर साईडला चार महिने कुत्रं कोरडं राहतच नाही, तिथं वरून लावायचं औषध टिकणार कसं. गोळी वजनाच्या गटाप्रमाणं येते, मोठी आणून दोन कुत्र्यांना अर्धी अर्धी देऊ नका, औषध दोन्ही तुकड्यांत सारखं असेलच असं नाही. एक सावधगिरी, कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर ह्या गटातली गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना ते सांगायलाच पाहिजे, कारण काही कुत्र्यांत झटके येणं, थरथरणं असे त्रास झाल्याची नोंद आहे आणि अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ मध्ये तशी सूचनापण काढली होती. निरोगी कुत्र्यांना ती सर्रास दिली जाते.

ही गोळी गोचिडाला कुत्र्यावर चढू देते, चावल्यावर मारते. त्यामुळं गोळी दिल्यावर एखादा चालणारा गोचीड अंगावर दिसला तर घाबरू नका, तो घरातनं नवीन चढलेला आहे आणि मरणारच आहे.

मानेवर ओतायची छोटी ट्यूब हा दुसरा प्रकार, बहुतेकांत फिप्रोनिल असतं, महिन्याला एक. केस बाजूला करून थेट चमडीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ओतायची, म्हणजे कुत्र्याची जीभ पोचत नाही. लोक केसांवरच ओततात आणि मग लागू पडत नाही म्हणतात. आणखी एक, हे औषध चमडीच्या तेलातनं अंगभर पसरतं, म्हणून लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस शॅम्पूची अंघोळ नाही. आज शॅम्पू, लगेच औषध आणि उद्या परत विहिरीत पोहणं असं केलं तर पैसे पाण्यात गेलेच म्हणून समजा. फिप्रोनिलचा स्प्रेपण मिळतो, तो उघड्या हवेत, ग्लोव्हज घालून, तोंडाला मारायचा तर आधी कापसावर घेऊन.

गळ्यात घालायचा औषधी पट्टा, फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिडवाला, सात-आठ महिने चालतो, फक्त तो चमडीला टेकला पाहिजे, पट्टा आणि मान ह्यात दोन बोटं जातील एवढाच सैल. घरात रांगणारं पोर असेल आणि ते कुत्र्याच्या गळ्यात पडत असेल तर पट्ट्यापेक्षा गोळी बरी.

अमिट्राझचं पाण्यात मिसळून अंग पुसायचं औषध बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे आणि स्वस्त आहे. काम करतं पण जपून. प्रमाण बाटलीवरच्या कागदाप्रमाणंच, अंदाजपंचे एक झाकण नाही. लहान पिल्लांना, डायबेटिस असलेल्या कुत्र्यांना नाही. लावल्यावर कुत्रं सुस्त पडलं, लाळ गळायला लागली, धडपडायला लागलं तर लगेच धुवून काढा आणि डॉक्टरांकडं न्या. अंग आपोआप वाळू द्यायचं आणि वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही.

शॅम्पू आणि पावडर ह्यांच्यावर जास्त भरवसा ठेवू नका. शॅम्पूनं त्या दिवशी अंगावर असलेले बरेचसे जातात, पण उद्या चढणाऱ्याला तो काही करत नाही. कुत्रं स्वच्छ ठेवायला ठीक, संरक्षण म्हणून नाही.

जे करू नये ते

ह्याच्यावर मी मुद्दाम वेळ घालवतोय कारण गोचिडांपेक्षा घरगुती उपायांनी मेलेली, भाजलेली कुत्री गावाकडं दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं.

गोठ्यासाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन तसंच कुत्र्याच्या अंगावर ओतणं हा सगळ्यात कॉमन प्रकार. जनावराचं वजन चारशे किलो, कुत्र्याचं वीस, आणि गाय सगळं अंग चाटून काढत नाही, कुत्रं काढतं. शेतात मारायचं कीटकनाशक तर विचारच करू नका. तंबाखूचं पाणी, त्यातलं निकोटीन चमडीतनं आणि चाटण्यातनं पोटात जातं, ते सरळ विष आहे. रॉकेल आणि डिझेलनं चमडी जळते. फिनेल कुत्र्याच्या अंगाला लावायचं नसतं आणि ते झोपतं त्या जागी घट्ट फिनेल टाकून ओलं सोडायचं पण नसतं. डांबर गोळ्या पोत्याखाली ठेवतात काही लोक, पिल्लानं एखादी चघळली तर जिवावर येतं. लसूण खायला घातला की रक्त कडू होतं आणि गोचीड लागत नाहीत असं म्हणतात, गोचीड लागतातच आणि लसूण कांदा ह्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

मेंढरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन कुत्र्याला टोचणं हा दुसरा गंभीर प्रकार, मेंढपाळ भागात ते सहज हाताशी असतं. कॉली आणि तसल्या मेंढपाळ जातीच्या कुत्र्यांमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यांना ते मेंदूत चढतं, कुत्रं आंधळं होतं, कोमात जातं. आणि डोस चुकला तर कुठल्याही कुत्र्याला त्रास होतो. जनावरांचे डॉक्टर वापरतात तो भाग वेगळा, ते वजन करून देतात.

कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घातली तर नुकसान नाही, खाज थोडी शमते. पण चांगली लागण झाली असेल तर कडुनिंबावर महिना घालवू नका.

घर आणि अंगण, खरं काम इथं आहे

ज्या दिवशी कुत्र्याला औषध द्याल त्याच दिवशी घराला हात घाला. घरात दोन कुत्री असतील तर दोघांना एकाच दिवशी. मांजर असेल तर तिलापण, पण मांजराचं म्हणून मिळतं तेच औषध. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजराला ते जीवघेणं आहे, अमिट्राझ पण मांजराला नाही.

आधी कुत्रं कुठं कुठं झोपतं त्या सगळ्या जागा मोजा, दुपारची वेगळी, रात्रीची वेगळी, पाऊस असला की जिन्याखालची वेगळी. पोतं, बारदान, जुनी सतरंजी असेल तर सरळ जाळून टाका, परत घडी करून ठेवू नका. धुवायचं असेल तर साठ अंशाच्या वर गरम पाण्यात, म्हणजे हात घालवणार नाही एवढं, आणि नंतर कडक उन्हात. तीन महिने हे आठवड्याला एकदा. त्यासाठी कुत्र्याचं अंथरूण साधं ठेवा, दोन जुन्या बेडशीट, आलटून पालटून. जाड गादी, फोम असलं काही त्या काळात नको.

मग फटी. ह्या तपकिरी गोचिडाला वर चढायची सवय आहे, त्यामुळं नुसतं खाली बघून भागत नाही. दाराच्या चौकटीमागं, खिडकीच्या कोपऱ्यात, भिंतीवरच्या फोटोच्या मागं, पडद्याच्या घडीत, स्विचबोर्डच्या कडेला, पत्र्याच्या खालच्या वाशाला. वाई, सातारा, मिरज इथल्या जुन्या वाड्यांत दगड-मातीच्या भिंती असतात, त्यात तर हजारो जागा. बॅटरी घेऊन संध्याकाळी बघा, भिंतीवर वर चढणारे दिसतील. सापडले की चिकटपट्टीनं उचला आणि चिकटपट्टी दुमडून टाका. भेगा सिमेंटनं, पांढऱ्या पुट्टीनं भरून घ्या, एक रविवार जातो पण औषधाच्या चार बाटल्यांपेक्षा ह्याचा उपयोग जास्त. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर भिंतीचे कोपरे, सोफ्याच्या फटी, कॉटखाली रोज फिरवा आणि पिशवी लगेच घराबाहेर नेऊन बंद करून टाका. पिसवांच्या बाबतीत व्हॅक्यूमचा दुसरा फायदा, त्या हादऱ्यानं कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि औषध दिलेल्या कुत्र्यावर चढून मरतात. नसेल व्हॅक्यूम तर केरसुणीनं कोपरे खरवडून झाडा आणि तो केर उकिरड्यावर न टाकता जाळा.

हे करून पिसवा दोन-तीन आठवड्यांनी परत जास्त दिसायला लागल्या तर औषध फेल गेलं असं समजून बदलू नका. ते कोषातले बाहेर पडतायत, ते पडून संपायचेच आहेत. इथंच बहुतेक लोक हात टेकतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

फवारणी करायची असेल तर घरासाठी आणि गोठ्यासाठी म्हणून मिळणारं पायरेथ्रॉइड गटातलं (डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखं) औषध, लेबलवरच्या प्रमाणात, कुत्रं, मांजर, पोरं, कोंबड्या सगळे बाहेर काढून. भिंतीच्या खालच्या भागापासून वर छतापर्यंतच्या फटी, कुत्र्याचं घर आतून बाहेरून. पूर्ण वाळल्यावरच कुत्रं आत. पंधरा दिवसांनी परत, म्हणजे मधल्या काळात अंड्यातनं निघालेले सापडतात. माशांची टाकी झाका. उरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीत, कृष्णेच्या काठाला ओतू नका, माशांना हे औषध फार विषारी आहे. फवारणारी माणसं कॉन्ट्रॅक्टवर बोलवत असाल तर त्यांना आधी सांगा की गोचिडासाठी हवंय, झुरळाची जेल लावून ते जात नाहीत.

अंगणात गवत बारीक ठेवा, विटांचा ढीग, लाकडं, जुने टायर, उसाचं पाचट भिंतीला टेकून रचू नका. कुत्र्याचं घर जमिनीपासून वीतभर वर, ऊन लागेल अशा जागी आणि लाकडाच्या फळ्यांच्या सांध्यांऐवजी सपाट पत्रा किंवा प्लास्टिक असेल तर फटी कमी होतात. सारवलेल्या ओसरीवर कुत्रं झोपत असेल तर पोपडे निघालेत तिथं दाबून परत सारवा.

गोठा असेल तर

कुत्रं गोठ्यात झोपतं, राखणीला ते लागतंच, ते बदलणार नाही. मग गोठ्याचं आणि जनावरांचं गोचीड-निर्मूलनपण त्याच आठवड्यात करा. जनावरांना काय लावायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, कारण दुभत्या जनावराचं दूध किती दिवस काढून टाकायचं हा प्रश्न असतो, आणि कुत्र्याचं फिप्रोनिल गाईला लावायचं नसतं. गव्हाणीच्या दगडांच्या फटी, खुंट्याभोवतीची माती खरवडून चुना मारा. काही शेतकरी फ्लेमगननं भिंतीच्या भेगा भाजतात, उपाय परिणामकारक आहे पण कडबा, पाचट, पत्र्याखालचं गवत आधी लांब न्या आणि पाण्याची पाईप हाताशी ठेवूनच.

ऊसतोडीच्या हंगामात टोळ्या येतात, त्यांच्यासोबत बैल आणि कुत्री असतात, आपलं कुत्रं तिकडं जाऊन येतं. तेव्हा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गोळीची तारीख चुकवू नका. तशी आपल्याकडं थंडी फार कडाक्याची नसते त्यामुळं गोचीड वर्षभर राहतात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जोर जास्त एवढंच.

आजाराची लक्षणं, इथं उशीर नको

गोचीड नुसतं रक्त पीत नाहीत, आजार सोडतात. ज्याला सगळे गोचीड-ताप म्हणतात ते खरं तर वेगवेगळे आजार आहेत. एर्लिकिया हा जिवाणू, त्यात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. बबेसिया हा तांबड्या पेशीत शिरून त्या फोडणारा परजीवी. हेपॅटोझून नावाचा तर चावण्यातून नाही, कुत्र्यानं गोचीड चावून गिळला की होतो. एर्लिकियाचा जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतच कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतो, म्हणून रविवारी बघू असं म्हणून गोचीड ठेवायचे नसतात.

खाणं सोडलं, सुस्त पडलं, अंग गरम लागतंय, हे पहिलं लक्षण. कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, नाक गरम आहे का ते बघून काही कळत नाही, डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात लावून बघा. १०३ च्या वर गेलं आणि जेवत नाही म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबीच्या जागी पांढरट किंवा पिवळट दिसल्या तर गंभीर. पोटाच्या चमडीवर लाल-जांभळे बारीक ठिपके, नाकातनं रक्त, कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी, मागचे पाय लटपटणं, ह्यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

आणि एर्लिकिया दबून राहतो हे लक्षात ठेवा. दिवाळीत गोचीड काढले आणि ताप शिमग्याला आला असं होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना मागच्या सहा महिन्यांतले गोचीड आठवून सांगा. ते रक्ताची तपासणी, स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि गरज पडली तर एर्लिकियाचं किट करतात. डॉक्सीसायक्लिन दिलं तर साधारण चार आठवड्यांचा कोर्स असतो, चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून बंद करायचा नाही, जेवणानंतर द्यायचा आणि वर पाणी पाजायचं. बबेसियाचं औषध वेगळं आहे, म्हणून मागच्या वेळची चिठ्ठी मेडिकलला दाखवून तीच गोळी आणणं बरोबर नाही. आपल्या मनानं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन देऊ नका, आयब्युप्रोफेननं कुत्र्याचं पोट आणि किडनी जाते.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्री बघतात, सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, केस गुंतागुंतीची झाली तर तिकडं न्यायचा विचार करता येतो. जाताना काढलेले एक-दोन गोचीड बाटलीत, औषधाचं रिकामं पाकीट आणि लघवीच्या रंगाचा मोबाईलवर फोटो एवढं सोबत न्या.

पिसवांचं वेगळं. काही कुत्र्यांना पिसवेच्या थुंकीची ॲलर्जी असते, एक-दोन पिसवा चावल्या तरी शेपटीच्या बुडाजवळ, मांड्यांच्या मागं चावून चावून केस काढतात, चमडी काळी पडते. लोक खरूज समजून मलम लावत बसतात. शिवाय पिसू गिळली की पट्टकृमी होतो, शौचाच्या जागी किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे हलणारे तुकडे दिसले की तोच. त्याला प्राझिक्वांटेलवालं जंताचं औषध लागतं, आणि पिसवा राहिल्या तर जंत परत होतात.

माणसांनापण गोचीड चावतात. कुत्र्याच्या ह्याच गोचिडामुळं माणसाला रिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा ताप येऊ शकतो. घरात कोणाला गोचीड चावला आणि नंतर ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं तर आपल्या डॉक्टरांना गोचिडाचं स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पिल्लं आणि गाभण कुत्री

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला किंवा दोन किलोपेक्षा हलक्याला वरच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. फणीनं विंचरा, कोमट पाण्यात अंघोळ घालून लगेच कोरडं करा, गोचीड चिमट्यानं काढा आणि बाकी डॉक्टरांना विचारा. वाट बघत बसू नका मात्र, बारक्या पिल्लाच्या अंगात रक्तच केवढं असतं, पिसवा जास्त झाल्या तर नुसत्या रक्त कमी होण्यानं पिल्लं मरतात. हिरड्या रोज बघा. गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीला कुठलं औषध चालतं ते प्रत्येक पाकिटावर वेगळं आहे, विचारल्याशिवाय काही लावू नका. पिल्लं ठेवलेल्या जागेचं अंथरूण दोन दिवसांनी बदला.

गल्लीतली कुत्री

तुमचं कुत्रं दिवसातनं दहा मिनिटं जरी गल्लीतल्या कुत्र्यांबरोबर खेळत असलं, किंवा ती तुमच्या ओट्यावर येऊन झोपत असली, तर गोचीड तिकडनं येत राहणार. त्यांना हाकलून उपयोग नाही, ती रात्री परत येतात. शेजारचे चार-पाच जण मिळून पैसे काढा आणि जी कुत्री हाताला लागतात, पोळी खायला येतात त्यांनापण वजनाच्या अंदाजाप्रमाणं डॉक्टरांना विचारून गोळी पोळीत घालून द्या, सगळ्यांना एकाच आठवड्यात. एका गल्लीनं हे केलं की फरक खरंच दिसतो. पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, मोबाईलला रिमाइंडर लावा, आणि तीन महिन्यांनी अंगावर एकपण गोचीड सापडत नसला तरी गोळी चालूच ठेवा, तेव्हा फक्त फवारणी आणि आठवड्याचं धुणं थांबवलं तरी चालतं.